जुना सूट ओळखताना: आधी टेप, मग खांदा, लेबल सगळ्यात शेवटी

जुना सूट हातात आला की नव्या माणसाचा हात आधी आतल्या लेबलाकडे जातो. माझाही गेला होता. गडद राखाडी रंग, खडूने ओढल्यासारख्या बारीक रेघा, डबल-ब्रेस्टेड (पुढचे पल्ले एकमेकांवर येणारा, बटणांच्या दोन रांगांचा), खांदे चांगले रुंद. विकणाऱ्याने १९४० च्या दशकातला म्हणून दिला आणि लेबलावरची वळणदार अक्षरं पाहून मला ते पटलंही. घरी आल्यावर पॅंट उलटी केली तर चेन नायलॉनची निघाली, आणि कमरपट्टीच्या आत धुण्या-इस्त्रीच्या सूचनांची इवलीशी पांढरी पट्टी. सूट १९८० च्या दशकातला होता. कापड वाईट नव्हतं, पण चाळीस वर्षांचा फरक म्हणजे थोडा नव्हे.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. आधी मापं, मग कट, मग कापड आणि शिवण, आणि लेबल सगळ्यात शेवटी. लेबल वाचून मत बनवलं की बाकीच्या खुणा डोळ्यांना दिसेनाशा होतात, म्हणून हा उलटा क्रम. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी तोच इथे पायरीपायरीने मांडतो.

पायरी १: स्वतःची मापं, आणि तुमच्या सगळ्यात चांगल्या कोटाची मापं

लेबलावरचा साइजचा आकडा विसरा. ४० नंबरचे दोन जुने कोट एकमेकांशेजारी ठेवले तर छातीत दोन इंचांचा फरक सहज सापडतो. शिवाय मधल्या काळात कोणी कोट आत घेतलेला किंवा सोडलेला असतो, आणि लेबलाला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून कापडी टेप घ्या. तुम्हाला नीट बसणारा एखादा कोट टेबलावर सपाट पसरा, बटणं लावा, सुरकुत्या हाताने सारख्या करा. एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ही कोटाची छाती. अंगाची छाती ४० इंच असेल तर कोटाची ४३ ते ४४ इंच भरायला हवी, कारण आत शर्ट, श्वास आणि हालचाल या सगळ्यांना जागा लागते. मग कोट पालथा करा. एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत खांदा, कॉलरच्या खालच्या शिवणीपासून तळापर्यंत पाठीची उंची, खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंत बाही. हे चार आकडे कायम खिशात ठेवा.

पॅंटच्या बाबतीत मात्र तुमची आजची पॅंट मोजून उपयोग नाही. आजच्या पॅंटी कमरेच्या हाडावर बसतात, आणि १९५० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक पॅंटी बेंबीवर. तिथला घेर वेगळा असतो, कोणाचा कमी, कोणाचा जास्त. टेप बेंबीवरून फिरवा आणि तो आकडा लिहा. कमरपट्टीच्या वरच्या कडेपासून जांघेतल्या शिवणीपर्यंत पुढून किती अंतर आहे, तेही बघा. जुन्या पॅंटीत हे अंतर १२ इंच किंवा त्याहून जास्त असणं नेहमीचं आहे. पहिल्यांदा घालणाऱ्याला वाटतं, पॅंट चुकीची शिवली आहे. चुकीची नसते. खाली ओढून कमरेच्या हाडावर आणली की तीच पॅंट ढगळ आणि बेढब दिसते, वर घातली की सरळ पडते.

याच कारणाने जुना कोट आजच्या पॅंटवर घालू नये असं मी प्रत्येकाला सांगतो. जुन्या कोटाचं मुख्य बटण कमरेच्या बारीक भागावर लागतं, आणि पॅंट तिथपर्यंत येईल असं गृहीत धरूनच तो बेतलेला असतो. पॅंट खाली असेल तर बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो आणि अख्ख्या सुटाचा तोल बिघडतो.

पायरी २: काय बदलता येतं आणि काय नाही

खांदा बदलत नाही. कुशल शिंपी तोही उघडू शकतो, पण बाही, अस्तर, आतलं कॅनव्हास (कोटाचा आकार धरून ठेवणारं जाड कापड), पॅडिंग हे सगळं सोडवून परत बसवावं लागतं, आणि बरेचदा जुन्या कापडाला ते सोसत नाही. खांद्याची शिवण तुमच्या हाडाच्या टोकाबाहेर अर्ध्या-पाऊण इंचाहून जास्त लोंबत असेल तर कोट कितीही देखणा असो, सोडून द्या. १९४० च्या दशकातल्या पॅड लावलेल्या खांद्यांना थोडी सवलत द्यायला हरकत नाही, कारण तिथे खांदा मुद्दामच बाहेर काढलेला असतो.

कोटाची उंचीही तशीच. तळ वर दुमडला की खिसे आणि बटणं आहेत तिथेच राहतात, आणि कोट मध्येच तोडल्यासारखा दिसतो.

कंबर आत घेणं सोपं. बाही आखूड करणं सोपं. लांब करणं मात्र आत दडलेल्या मायेवर, म्हणजे शिवणीत सोडलेल्या जास्तीच्या कापडावर अवलंबून. बाहीचं टोक उलटं करा आणि अस्तराच्या आत बोटांनी चाचपा. दुमडलेलं कापड इंच-दीड इंच असेल तर तेवढी बाही सोडता येईल. पण आधी दुमडीची धार उजेडात नीट बघा. वर्षानुवर्षं घासून तिथे फिकट रेघ पडलेली असेल, तर बाही सोडल्यावर ती रेघ मनगटावर उघडी पडेल. पॅंटच्या पाठीमागच्या मधल्या शिवणीतही जुने शिंपी भरपूर माया ठेवत. दोन-अडीच इंच कंबर त्यातून सुटलेली मी पाहिली आहे.

आणखी एक जागा नवखे लोक हमखास चुकवतात, ती म्हणजे मुंढा, बाही जिथे कोटाला जोडतात ते भोक. जुन्या कोटांचा मुंढा लहान आणि वर, बगलेला जवळजवळ भिडलेला असतो. घालताना बाही अडकल्यासारखी वाटते आणि माणूस म्हणतो, लहान होतोय. तसं लगेच ठरवू नका. कोट घालून हात समोर आडवे धरा, मग वर करा. चांगल्या मुंढ्याच्या कोटात हात वर गेला तरी कॉलर मानेला चिकटून राहते आणि कोटाचा तळ फारसा उचलला जात नाही. मुंढा मोठा आणि खाली असेल तर हाताबरोबर सगळा कोट वर येतो. आधी अडकल्यासारखा वाटणारा तोच कोट दिवसभर जास्त आरामाचा असतो, हे दोन-तीन वेळा घातल्यावर कळतं.

पायरी ३: कटवरून काळाचा अंदाज

आता कोट हॅंगरला लावा आणि चार पावलं मागे या. लॅपल (छातीवर उलटा वळवलेला कोटाचा पुढचा भाग), खांदा, कंबर, बटणाची जागा, पॅंटचा घेर, एवढंच बघायचं.

१९२० च्या दशकाच्या मध्यात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी अतिरुंद पॅंटी घालायला सुरुवात केली, त्यांचं नाव ऑक्सफर्ड बॅग्ज. त्या काळातले खरे सूट आता क्वचितच हाती लागतात, म्हणून त्यावर रेंगाळत नाही.

१९३० चं दशक हे माझ्या मते पुरुषांच्या सुटाचं सगळ्यात समजून घेण्यासारखं दशक. लंडनमध्ये फ्रेडरिक शॉल्ट या शिंप्याने छातीवर आणि पाठीच्या पात्यांवर थोडं जास्तीचं कापड सोडून कंबर आत घ्यायची पद्धत रूढ केली. पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेले प्रिन्स ऑफ वेल्स त्यांच्याकडेच कोट शिवून घेत. हाच ड्रेप कट. कोट अंगावर असताना मुंढ्याजवळ, छातीच्या बाजूला एक उभी मऊ घडी पडते. ती चूक नाही, तीच या कटची ओळख. घडी काढून टाकायची म्हणून छाती आत घ्यायला निघालेल्या माणसांना मी थांबवलं आहे. लॅपल रुंद, बरेचदा टोकदार वर निघालेले, पॅंट उंच कमरेची आणि भरपूर घेराची. पाठीला खालून चीर बहुधा नसते. खेळकर धाटणीच्या कोटांना पाठीवर अर्धा पट्टा आणि चुण्या दिसतात.

मग युद्ध आलं, आणि सरकारी नियम थेट कपड्यात उतरले. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. १९४२ च्या नियमांनी डबल-ब्रेस्टेड कोट आणि पॅंटच्या मोहरीवरची उलटी दुमड बंद केली, खिशांची आणि बटणांची संख्याही बांधून दिली. पुरुषांच्या सुटावरची ही बंधनं १९४४ च्या सुरुवातीला उठली. अमेरिकेतही १९४२ मध्ये वॉर प्रॉडक्शन बोर्ड या सरकारी मंडळाने मोहरीची दुमड आणि डबल-ब्रेस्टेड सुटाबरोबरचा वेस्टकोट बंद केला. म्हणून एखादा सूट १९४३ चा आहे असं कोणी सांगितलं आणि त्याच्या मोहरीला मूळची दुमड असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा. बंधनं संपल्यावर कापड पुन्हा सढळ झालं: लांब कोट, जाड पॅड, मोठे लॅपल. अमेरिकेत १९४८ मध्ये एस्क्वायर मासिकाने याच धाटणीला बोल्ड लुक म्हटलं.

१९५० च्या दशकात हा भार हळूहळू उतरत गेला. अमेरिकेत सॅक सूट जोरात आला. त्याला पुढच्या बाजूला टक (कंबर आत घेणाऱ्या शिवणी) नसतात, खांदा नैसर्गिक असतो, आणि तीन बटणांपैकी वरचं लॅपलच्या वळणात लपतं. हा कट ब्रुक्स ब्रदर्स या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रुळवला होता, म्हणून नुसता सॅक कट पाहून दशक सांगू नका. इटलीकडून आखूड, अंगाबरोबरचा कोट आला. रोमच्या ब्रिओनी या शिवणगृहाने १९५२ मध्ये फ्लॉरेन्सला पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो केला, तेव्हा ती धाटणी जगाला दिसली.

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात लॅपल दोन-सव्वादोन इंचांपर्यंत अरुंद झाले, पॅंटच्या चुण्या गेल्या, कंबर खाली आली. दशक संपताना वारं पूर्ण फिरलं. १९६९ मध्ये टॉमी नटर या शिंप्याने लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर दुकान उघडलं आणि रुंद लॅपल पुन्हा दिमाखात आले. १९७० च्या दशकातला सूट ओळखायला वेळ लागत नाही: चार इंचांच्या पुढचे लॅपल, गुडघ्याखाली उघडणारी पॅंट, पाठीला खोल चीर, आणि बरेचदा विणलेलं पॉलिएस्टर.

पायरी ४: चाळीसचा की ऐंशीचा?

या एका प्रश्नावर थांबू, कारण नव्या माणसाचे सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. १९८० च्या दशकात रुंद खांदे, डबल-ब्रेस्टेड आणि चुण्यांच्या ढगळ पॅंटी परत आल्या. लांबून दोन्ही सूट भाऊ वाटतात. जवळून बघा.

आधी कॉलर आणि लॅपल जिथे मिळतात ती खाच. ऐंशीच्या कोटात ती छातीकडे खाली घसरलेली असते, बटणही खाली. जुन्या कोटात खाच वर, गळ्याच्या हाडाजवळ.

मग कोट हातात तोला. १९३०-४० च्या दशकांतलं सुटाचं कापड साधारण १४ ते १८ औंसांचं असे, म्हणजे एका वाराचं वजन तेवढं. आज ८ ते १० औंस नेहमीचं. जुना कोट हातात घेतला की तो खाली ओढतो. मूठभर कापड दाबून सोडा. जाड लोकर आपोआप उलगडते.

मग मुंढा. ऐंशीच्या दशकात तो मोठा आणि खाली उतरलेला.

मग सगळ्यात खालच्या काजाजवळ पुढचं कापड आणि आतली पट्टी दोन हातांच्या चिमटीत धरून हळूच वेगळी करा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर आत कॅनव्हास टाक्यांनी बसवलेला आहे. काहीच सरकत नसेल आणि पुढचं कापड पुठ्ठ्यासारखं कडक लागत असेल, तर आतला थर डिंकाने चिकटवलेला. चिकटवलेला थर युद्धापूर्वीच्या सुटात सापडणार नाही.

शेवटी पॅंट उलटी करा. पुढची पट्टी बटणांची आहे की चेनची? १९३० च्या दशकाच्या मध्यापासून चेन लागायला लागल्या, पण बटणं त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. जुनी चेन धातूची, जाड दातांची. नायलॉनची वेटोळी चेन दिसली तर १९६० च्या आधीचा विचार सोडा. गॅलिसची बटणं कमरपट्टीला आहेत का, तेही बघा. ती नंतरही लावली जात, म्हणून एकट्या त्या खुणेवर भिस्त ठेवू नये.

यातून एक नियम निघतो आणि तो पाठच करा: सूट त्याच्या सगळ्यात अलीकडच्या मूळ भागाहून जुना असू शकत नाही. दहा खुणा १९४० सांगत असतील आणि एक मूळची खूण १९७२, तर सूट १९७२ नंतरचा. यात 'मूळची' हा शब्द महत्त्वाचा. चेन बदलली जाते, अस्तर बदललं जातं. चेनच्या कडेला जुन्या टाक्यांची भोकं किंवा बुजवलेली काजं दिसली तर ती चेन नंतरची, तिला मोजू नका.

पायरी ५: आता लेबल

आतल्या छातीच्या खिशात बोटं घालून खिसा उजेडाकडे ओढा. मापाने शिवून घेतलेल्या इंग्लिश सुटात शिंप्याचं लेबल बरेचदा या खिशाच्या आत असतं, आणि त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, कधी क्रमांकही हाताने लिहिलेला. माझ्या दुसऱ्या कोटात असं सापडलं: पिवळसर पडलेली सुती पट्टी, शाई तपकिरी झालेली, आणि कोपऱ्यात '११.४८'. नोव्हेंबर १९४८. सगळ्या खुणा ज्या काळाकडे बोट दाखवत होत्या तोच काळ शिंप्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला होता. तेव्हा मी कोट मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो होतो.

ब्रिटिश तयार कपड्यांवर दोन गोल 'सी' आणि त्यापुढे ४१ अशी खूण दिसली तर तो युटिलिटी या सरकारी कपडे योजनेतला कपडा. योजना १९४१ ला सुरू झाली आणि १९५२ पर्यंत चालली, त्यामुळे नुसती ही खूण युद्धकाळ सिद्ध करत नाही. कपड्यांचं रेशनिंग १९४९ मध्येच संपलं होतं.

अमेरिकन सुटात कामगार संघटनेचं छोटं लेबल शोधा, तेही बहुधा आतल्या खिशात असतं. अमॅल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्सच्या लेबलावर १९४९ किंवा १९६२ छापलेलं असेल तर ते लेबलाचं रेखाटन कधीचं ते सांगतं, सूट कधीचा ते नाही. १९४९ चं लेबल म्हणजे साधारण १९४९ ते १९६२, आणि १९६२ चं म्हणजे १९७६ पर्यंत, कारण त्या वर्षी ही संघटना वस्त्रोद्योग कामगारांच्या संघटनेत मिसळली आणि नाव बदललं. ही चूक विकणारेही करतात.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. लोकरीच्या धाग्यांची तीन वळणं मिळून झालेलं वूलमार्कचं चिन्ह १९६४ च्या आधी नव्हतं. अमेरिकेत धुण्या-वापरण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं. माझा पहिला सूट तिथेच पकडला गेला. अमेरिकन दुकानाच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर सूट १९६३ च्या आधीचा नाही. कापडात डेक्रॉन या पॉलिएस्टरचं नाव असेल तर १९५० च्या दशकाच्या आधीचा नाही.

कापडाची शंका असेल तर मायेतून एकच धागा काढून चिमट्यात धरून जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

पायरी ६: घेण्याआधी उजेडात

पॅंटची सीट, जांघ, कोपर आणि बगल खिडकीसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके म्हणजे कसर, लोकर खाणारी कीड. एक-दोन भोकं रफूने जातात, आणि चांगला रफूगार धागा मायेतूनच काढतो, म्हणून रंग जुळतो. पण ठिपके झुंडीने असतील, किंवा हलक्या ताणाने कापड 'चर्र' करत असेल, तर घेऊ नका.

कसर मरावी म्हणून घरी आणलेला प्रत्येक लोकरी सूट आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कापडावर पाणी सुटतं. हे झाल्याशिवाय तो बाकीच्या कपड्यांच्या कपाटात जाऊ देऊ नका. ड्रायक्लीनिंगची घाई नको. मऊ ब्रश, वाफ आणि दोन दिवस मोकळी हवा यांनी बरंच काम होतं. हॅंगर जाड आणि खांद्याच्या आकाराचाच घ्या.

पायरी ७: शिंप्याकडे

पहिल्याच खेपेला सगळं करायला सांगू नका. आधी पॅंटची कंबर आणि लांबी. मग ती पॅंट घालून कोटाची बाही ठरवा, शर्टाचा कफ अर्धा इंच दिसेल अशी. कोटाची कंबर सगळ्यात शेवटी, आणि तीही आठवडाभर वापरल्यावर अजून हवी वाटली तरच.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: आत घेतलेलं कापड कापायचं नाही, दुमडून टाके घालून तसंच ठेवायचं. १९४८ च्या त्या कोटाच्या बाह्या माझ्या हातांना आखूड होत्या. अस्तर उसवल्यावर आत सव्वा इंच कापड निघालं, मूळ रंगाचं, कडेला जुन्या शिंप्याच्या बारीक हातटाक्यांसकट. बाही आता मनगटावर बरोबर येते.